पाण्यात राहिलेले देव

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे तोवर मला कधी तपासून बघावं लागलं नव्हतं. आमच्या घरी देवाचं काम यांच्याकडे होतं. मी फुलं आणून द्यायची, गंध उगाळून ठेवायची, नैवेद्याची वाटी दारातून पुढे करायची. पूजा करणार हे. वकिलीच्या धावपळीतही यांनी ती कधी चुकवली नाही आणि निवृत्त झाल्यावर तर तिला चांगलं ऐसपैस रूप आलं. देव्हाऱ्यातले सगळे देव सासूबाईंच्या वेळच्या खोलगट ताम्हणात उतरवायचे, वर पाणी घालायचं, आणि मग एकेकाला बाहेर काढून मऊ पंचाने पुसत बसायचं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, रेणुकेचा टाक, शाळिग्राम. पुसताना हे त्यांच्याशी बोलायचे. मी स्वयंपाकघरातून म्हणायची, पक्षकार ऐकतायत का तुमचे? हे म्हणायचे, ऐकतात, फी मात्र देत नाहीत.

त्या सकाळी मी वरणाला फोडणी देत होते. घंटा वाजायची वेळ होऊन गेली तरी वाजली नाही, म्हणून डोकावले, तर हे देव्हाऱ्यापुढे आडवे झालेले. पंचा हातात होता. उजवी बाजू निर्जीव, तोंड वाकडं, आणि डोळे उघडे. खालच्या मजल्यावरच्या लोकांनी अँब्युलन्स बोलावली. हैदराबादेतल्या विद्यानगरच्या आमच्या घरून निघालो तेव्हापासून दवाखान्यात पोहोचेपर्यंत मी यांचा डावा हात धरून काय काय बडबडत होते, मला आठवत नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. यांना आत नेलं, यंत्राला जोडलं, आणि काचेचं दार बंद झालं.

संध्याकाळी कपडे न्यायला घरी आले, तेव्हा माझ्यासोबत वन्सं होत्या. यांच्या थोरल्या बहीण. गौलीगुड्यात राहतात, यांना त्यांनीच कडेवर वाढवलेलं. देवघरात दिवा विझला होता आणि ताम्हणात देव तसेच पाण्यात उभे होते. पूजा अर्धी राहिलेली. मला भडभडून आलं. मी पंचा उचलून पहिला बाळकृष्ण काढायला वाकले, तर वन्संनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. काढू नको. त्यानं ठेवलेत ना, तोच येऊन काढील. तवर राहू दे तसेच."

देव पाण्यात ठेवण्याची आपल्याकडची रीत मला काही नवी नव्हती. घरावर संकट आलं की देवांना पाण्यात ठेवायचं आणि म्हणायचं, काम कर, मग बाहेर काढते. वन्संनी ते आयुष्यात अनेकदा केलं होतं. मुलाच्या नोकरीसाठी, यजमानांच्या बदलीसाठी. यांना त्या प्रकाराची भारी गंमत वाटायची. हे म्हणायचे, "अक्का, ही बिनवॉरंटाची अटक आहे. निदान जामीन तरी मंजूर कर." वन्सं चिडायच्या, मी हसायची. त्या संध्याकाळी मात्र मी हसले नाही. मला वाटलं, हा तर संकेतच आहे. मुद्दाम कुणी ठेवले नाहीत, देव आपणहून पाण्यात राहिले. यांची पूजा यांनीच पुरी करायची आहे, म्हणजे हे परत येणारच. मी ताम्हणावर एक परात झाकली आणि दवाखान्यात गेले.

मी स्वभावाने हट्टी आहे. शाळेत शिकवत होते तेव्हा मुलं मला मागे काय म्हणायची ते मला ठाऊक आहे. एकदा ठरवलं की ठरवलं. रोज सकाळी घरी यायची, आंघोळ करायची, परात उचलून बघायची, आटलं असेल तेवढं पाणी वर घालायची, आणि परत झाकायची. फूल नाही, दिवा नाही, नैवेद्य नाही. पहिले काही दिवस मी हात जोडून रडत असे. पुढे रडणं आटलं आणि रागावणं सुरू झालं. मी पाणी घालताना म्हणे, बसा. जितके दिवस ते तिथे पडून, तितके दिवस तुम्ही इथे. इतकी वर्षं त्या माणसाने तुम्हाला न्हाऊ घातलं, पुसलं, आणि तुम्ही त्याला पंचा हातात असताना पाडलंत. हे मी तोंडाने बोलत असे. तेव्हा मला त्याची लाज वाटत नव्हती.

पाणी बदललं नसल्यामुळे पितळेवर हिरवट थर चढू लागला. रेणुकेचा टाक काळवंडला. परात उचलली की एक कोंदट वास येई. मला तो वास आवडत नसे आणि तरी मी तो मुद्दाम घेत असे. घरात कुणी नव्हतं; आम्हाला मूलबाळ नाही. जे होतं ते त्या दोन ठिकाणी होतं, काचेच्या दाराआड आणि परातीखाली, आणि दोन्हीकडे मला बघण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

दवाखान्यात येणारे नातेवाईक धीर द्यायचे. देव तारी त्याला कोण मारी, असं प्रत्येकजण म्हणून जायचा, आणि मला उठून त्यांना जिन्यापर्यंत पोचवून यावंसं वाटायचं. एका चुलत जावेने फोनवर सांगितलं, तू आता पूर्ण शरण जा, त्याच्या पायावर सगळं सोडून दे, मग बघ. मी तेही केलं. तिथल्या लोखंडी खुर्चीत बसून डोळे मिटले आणि मनापासून म्हटलं, देवा, मी तुला शरण आहे, आता यांना उठव. लगेच डोळे उघडून काचेकडे बघितलंसुद्धा. शरण जाऊन लगोलग पावती मागणारी मी एकटीच नसेन. शरण जाणं हा मला त्यावेळी शेवटचा उपाय वाटत होता. औषध लागू पडेना म्हणून काढा द्यावा, तसा.

यांच्यात बदल काहीच होत नव्हता. मला दिवसातून थोडा वेळ आत सोडत. नळ्या, टेप, सुजलेला चेहरा. मी हाक मारत असे, पण खरं सांगायचं तर मी यांच्याकडे नीट बघतही नसे. माझं लक्ष त्या पडद्यावरच्या रेघांवर असे. काही चिन्ह दिसतंय का, ताम्हणातल्यांनी काही हालचाल केली आहे का, एवढंच मी शोधत असे.

एके दिवशी डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. तरुण, फार सभ्य मुलगा. त्याने इंग्रजी-हिंदी मिसळून, सावकाश सांगितलं, की मेंदू परत येण्याची आशा त्यांना उरलेली नाही. श्वास यांचा स्वतःचा थोडाफार चालू झाला आहे. गळ्याला छेद देऊन, नळी बसवून यांना तिथेच कितीतरी दिवस ठेवता येईल. किंवा नळ्या काढून घरी नेता येईल. मग किती दिवस ते सांगता येणार नाही, फार नसतील. निर्णय तुम्ही घ्यायचा, असं तो म्हणाला. मी म्हटलं, थांबा. त्याने विचारलं, कशासाठी थांबायचं? या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते त्या मुलाला कसं सांगणार? माझे देव अजून पाण्यात आहेत, असं सांगणार होते मी त्याला?

त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. बाहेरच्या बाकांवर आम्ही जे कायमचे बसणारे होतो, त्यांत एक तेलुगू बाई होती. पंचेचाळिशीची असेल. दिलसुखनगरला कुठल्याशा गल्लीत त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि तिचा नवरा यांच्याच वॉर्डात होता. एवढंच मला तिच्याविषयी माहीत होतं. ती आपण होऊन बोलत नसे आणि मी तर कुणाशीच बोलत नसे. त्या दिवशी सकाळपासून मी पोटात काही घातलं नव्हतं. दुपारी पाण्याच्या नळाकडे जायला उठले आणि डोळ्यांपुढे काळोख आला. शुद्धीवर आले तेव्हा माझं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ती पदराने वारा घालत होती.

"कुछ खाए क्या अम्मा सुबह से?" तिने विचारलं. मी मान हलवली. "चलो, मैं घर छोड़ती. इधर बैठके क्या करते."

मी नको नको म्हणत होते, पण तिने ऐकलं नाही. ऑटोत तिने मला एका हाताने धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने मांडीवरची कापडी पिशवी. पिशवीतून पुरुषाच्या चपलांची टोकं बाहेर दिसत होती. धुवायचे कपडे आणि चपला घरी नेत असेल, असं मला वाटलं. घरी आल्यावर तिने मला आरामखुर्चीत बसवलं, माझ्याच स्वयंपाकघरात डबे धुंडाळून चहा केला, अगदी पाकासारखा गोड, आणि बिस्किटं बशीत काढून समोर बसली. खा म्हणाली. मी खाल्लं. मग हात धुवायला आत गेली आणि देवघराच्या दारात थांबली. देव्हारा रिकामा दिसला म्हणून असेल, तिने खालची परात जराशी उचलून बघितली.

"भगवान को पानी में कैकू रखे अम्मा?"

मी तिला सांगितलं. माझ्या मोडक्या हैदराबादी हिंदीत सगळं सांगितलं. पूजा करताना पडले, देव पाण्यातच राहिले, आता ते येऊन काढतील. आमच्यात अशी रीत आहे, असंही म्हणाले. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिला त्यात चूक की बरोबर काही वाटलं असेल, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही. मग तिने अगदी साधेपणाने, एखादी चौकशी करावी तसं विचारलं, "वो आए तो निकालते. और नहीं आए तो?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर आशा नाही म्हणाले होते, नातेवाईक आशा ठेव म्हणाले होते. पण हे नाही आले तर या देवांचं काय, माझं काय, आम्ही सगळे असेच परातीखाली राहणार का, हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. ती उत्तराची वाट बघत थांबली नाही. परात होती तशी ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, पिशवी उचलली. जाती मैं, मेरे लोगां आते होंगे, असं म्हणून ती जिना उतरली. तिच्या हातभर हिरव्या बांगड्यांचा आवाज खालच्या दारापर्यंत येत होता.

दुसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी होती. तिचे आभारही मानले नाहीत, नावही विचारलं नाही, हे मला टोचत होतं, म्हणून मी वॉर्डातल्या आयाला विचारलं. ती म्हणाली, "वो चूड़ी वाली अम्मा? उनका आदमी तो कल सुबहीच गुज़र गया ना. गाँव से लोगां आने तक बैठे थे बिचारे."

मी बाकावर बसले. काल सकाळी. म्हणजे मला मांडीवर घेतलं तेव्हा तिचा नवरा गेलेला होता. ऑटोत तिने धरलेल्या त्या चपला त्याच्या होत्या आणि आता कुणी घालणार नव्हतं. माझ्या घरी तिने चहा केला, मला खाऊ घातलं, तेव्हाही ती विधवा झालेली होती, आणि बांगड्या तर तिच्या हातात होत्या. 'नहीं आए तो' हे तिने माझं मन दुखवायला विचारलं नव्हतं, की मला शहाणं करायलाही नाही. तिचा आला नव्हता. पुढे काय करतात, हे तिला खरोखरच जाणून घ्यायचं असेल. आणि तिच्यापाशी उत्तर नसताना तिने जे केलं, ते एवढंच, की शेजारी पडलेल्या बाईला उचलून घरी पोचवलं.

मी तिथे रडले, सगळ्यांसमोर, तोंड न झाकता. इतके दिवस मी देवाशी भांडत होते, अटी घालत होते, त्याच्या तोंडापुढे हिशेब धरत होते, आणि त्या भरात हे जाणार आहेत ही एक गोष्ट मी कानाआड केली होती. ती आता येऊन शेजारी बसली. भयंकर होती, पण खरी होती. मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, यांना घरी न्यायचं आहे.

वन्संना सांगणं त्याहून अवघड होतं. त्या एकदम उसळल्या. देव अजून पाण्यात आहेत, काम व्हायच्या आत त्यांना उठवायचं म्हणजे आपणच हार मानल्यासारखं, तू त्याला मारायलाच घरी नेतेस, असं पुष्कळ बोलल्या. मी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वन्सं, ते नाही आले तर?"

त्यांचा चेहरा एकाएकी फार म्हातारा दिसला. कडेवर वाढवलेल्या भावाविषयी हा प्रश्न मी त्यांना विचारला होता. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "मग काढ बाई. पण एकटी काढू नको. त्याच्यासमोर काढ."

यांना घरी आणलं ती सकाळची वेळ होती. पलंग देवघराच्या दारापाशी लावला. श्वास चालू होता, डोळे अर्धवट उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. मी आंघोळ करून आले, परात बाजूला केली आणि आयुष्यात पहिल्यांदा या घरच्या देवांची पूजा करायला बसले. एकेक देव पाण्यातून काढला. हात बुळबुळीत झाले. चिंच लावून घासलं, चांगल्या पाण्याने धुतलं आणि यांच्याच पंचाने पुसलं. वन्सं शेजारी बसून क्रम सांगत होत्या, मध्येच विसरत होत्या. मंत्र मला येत नाहीत. मी बाळकृष्णाला पुसताना म्हणाले, फार वेळ ठेवलं रे तुला. चूक झाली. आता मी काही मागत नाही. मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे त्यात माझा काही मोठेपणा नाही. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्याच्याशी बोलताना त्याच्या हाताकडे बघत नव्हते.

घंटा वाजवली, दिवा ओवाळला. मग तीर्थाची पळी घेऊन यांच्यापाशी आले. गिळता येत नाही म्हणून नुसते ओठ ओले करायचे, असं ठरवलं होतं. पळी जवळ नेली आणि यांचा डावा हात चादरीवर हलला. बोटं हळूहळू जवळ आली, अंगठा आत वळला, आणि तळहाताची वाटी झाली. अर्धी, वाकडी, पण तीर्थ घ्यायला करतात तीच. डाव्या हातावर तीर्थ घेतलं म्हणून या माणसाने घरी आलेल्या कितीतरी पोरांना दटावलं होतं. मी त्या तळहातावर पळी ओतली. पाणी बोटांमधून चादरीवर गेलं. उरलेल्या ओलाव्याचा हात मीच यांच्या ओठांना लावला.

त्या तरुण डॉक्टरला नंतर सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की अशा रुग्णांची बोटं आपोआप वळतात. वळत असतील. मी त्याच्याशी वाद घातला नाही, आणि वाद न घालण्याची माझी ती पहिलीच वेळ असावी. हे त्यानंतर बरे झाले नाहीत, बोलले नाहीत. पुन्हा हात हलला नाही. पण जे थोडे दिवस मिळाले, त्यांत मी यांच्याजवळ बसले होते. रेघा नव्हत्या, परात नव्हती. यांच्या कानामागे एक तीळ आहे, तो मी इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता. शाळेतल्या गमती पुन्हा सांगितल्या, भांडणं आठवली, पाय चोळले. एका सकाळी मी अन्नपूर्णा पुसत होते आणि मागचा श्वास थांबला. मी वळून पाहिलं. पूजा अर्धीच होती. मी आधी यांच्यापाशी गेले.

शरण जाण्याने काय मिळतं, असं मला आता कुणी विचारलं तर मी सांगते, माणूस परत मिळत नाही. मला तरी मिळाला नाही, आणि घर अजूनही खायला उठतं. पण तोवर मी देवाला धरून बसले होते आणि हे तिकडे एकटे जात होते. देवाला सोडलं, तेव्हा माझे हात मोकळे झाले आणि मी यांना धरू शकले. त्याचा हेतू एवढाच असेल तर मला तो पुरेसा आहे. दिलसुखनगरला मी दोनदा जाऊन आले. बांगड्यांची दुकानं तिथे पुष्कळ आहेत आणि नाव माहीत नसलेल्या बाईची चौकशी कशी करणार? दिव्याला हात जोडताना तिची आठवण काढते, तेवढंच.

पूजा आता मी करते. देवांना पाण्यात फार वेळ ठेवत नाही. घालते आणि लगेच पुसते. शेवटी तीर्थ घेताना उजवा हात पुढे करायचा, हे मला ठाऊक आहे. तरी एक पळी मी डाव्या हातावरही घेते. यांना हे मुळीच चाललं नसतं. पण यांनीच तर दाखवलं, की एक हात गेला तर जो उरला आहे तो पुढे करायचा.